सिस्टीम घेत नाही

पूर्वी कचेरीत आपलं काम झालं नाही, तर ते न होण्याचं कारण निदान माणसाचं असे. साहेब जागेवर नसत. साहेब असले तर शिक्का कपाटात असे. कपाट असलं तर त्याची किल्ली खिशात घालून शिपाई मेव्हणीच्या लग्नाला गेलेला असे. आणि साहेब, शिक्का, किल्ली, शिपाई असे चारी ग्रह एका राशीत आलेच, तर नेमकी जेवणाची सुट्टी होई. आपण चिडत असू, नाही असं नाही. पण चिडायला समोर एक डोकं असे. त्या डोक्याला टक्कल असे, कानावर पेन असे आणि आपण आवाज फारच चढवला तर "बसा हो, चहा मागवतो" म्हणण्यापुरती लाजही असे.

आता ते सगळं गेलं. आता काचेपलीकडे एक गोड मुलगी बसलेली असते. ती पडद्याकडे बघते, एक बटण दाबते, पुन्हा तेच दाबते आणि आपल्या घरात कुणी गेल्याची बातमी फोडावी तशा हलक्या आवाजात म्हणते, "काका, सिस्टीम घेत नाही."

संपलं! यावर अपील नाही. सिस्टीम कुठे बसते, कितीला येते, तिचा साहेब कोण, हे कुणाला ठाऊक नसतं. सिस्टीमला चहा चालत नाही. तिच्या मेव्हण्याची आणि आपल्या साडूची ओळख निघत नाही. ती गावाकडची नसते, आपल्या शाळेतली नसते, तिला मुलीचं लग्न करायचं नसतं. लाच न खाणारा अधिकारी मिळावा म्हणून आपण जन्मभर देवाला साकडं घातलं. देवाने तो दिला, पण बहिरा दिला.

माझं यंत्राशी वैर आहे असं कृपा करून समजू नका. मे महिन्याच्या तिकिटासाठी आदल्या रात्री स्टेशनावर चादर अंथरून रांगेत झोपलेला मी माणूस आहे. ऐंशीच्या दशकात रेल्वेचं आरक्षण संगणकावर यायला लागलं, तेव्हा कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळतं हे बघून मी त्या यंत्राला मनातल्या मनात हात जोडले होते. आजही वीजबिल भरायला उन्हात उभं राहावं लागत नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. तक्रार यंत्राबद्दल नाहीच. यंत्र बिचारं सांगितलं तेवढं करतं. तक्रार आहे ती त्याला सांगणाऱ्यांबद्दल, आणि सांगून झाल्यावर यंत्रामागे लपून बसणाऱ्यांबद्दल.

माझ्या नावाचंच घ्या. आईवडिलांनी मोठ्या हौसेने माझं नाव ज्ञानेश्वर ठेवलं. नाव ठेवताना माउलींचा विचार केला, इंग्रजी स्पेलिंगचा केला नाही. आपण मराठी माणसं 'ज्ञ'चा उच्चार 'द्न्य' असा करतो, म्हणून शाळेच्या मास्तरांनी माझं नाव डी, एन, वाय असं सुरू केलं. पुढे बँकेत उत्तरेकडचे मॅनेजर आले. तिकडे 'ज्ञ' म्हणजे 'ग्य'. त्यांनी तितक्याच आपुलकीने जी, वाय केलं. विम्याच्या कागदावर कुणा संस्कृतच्या जाणकाराने जे, एन केलं. आणि गॅसवाल्याने घाईत वाय गाळला. इतकी वर्षं या चौघा ज्ञानेश्वरांचं छान चाललं होतं. एकाचा पगार दुसऱ्याच्या खात्यात जाई आणि तिसरा त्यातून चौथ्याच्या गॅसचे पैसे भरी. मग सगळे कागद एकमेकांशी 'जोडून घ्या' असा हुकूम आला आणि घरात भाऊबंदकी माजली. यंत्र चेहरा बघत नाही, अक्षरं बघतं. डी आणि जी ही त्याच्या लेखी दोन माणसं, आणि एकाचे पैसे दुसऱ्याला देणं म्हणजे अफरातफर.

शेवटी प्रतिज्ञापत्र केलं. 'मी वर नमूद केलेला आणि मी खाली नमूद केलेला हे दोघे एकच आहोत.' शंकराचार्यांना अद्वैत पटवून द्यायला देशभर हिंडावं लागलं. आमच्याकडे कोर्टाबाहेर वडाच्या झाडाखाली बसलेला नोटरी दहा मिनिटांत शिक्का मारून देतो.

आमचे शेजारी डिसोझा यांचं दुखणं तर माझ्याहून सूक्ष्म. इंग्रजीत त्यांच्या 'डी'नंतर वरच्या अंगाला एक स्वल्पविराम येतो. तेवढाच तो काय पोर्तुगीजांनी मागे ठेवलेला ऐवज. पण संगणकाला हुकूम देण्याच्या काही भाषांत तेच चिन्ह 'नाव इथे संपलं' हे सांगायला वापरतात. त्यामुळे डिसोझांचं नाव डीवरच संपतं आणि उरलेला सोझा हा काहीतरी घातपाती हुकूम आहे असा यंत्राला संशय येऊ शकतो. त्याचा बंदोबस्त करण्याच्या रीती आहेत, जुन्या आहेत, चांगल्या आहेत. पण त्या वापरायला थोडे कष्ट पडतात. त्यापेक्षा 'कृपया वैध नाव टाका' असं लाल अक्षरांत लिहिणं सोपं. सत्तर वर्षांच्या माणसाला, त्याच्या बापाने दिलेलं नाव अवैध आहे, असं सांगायची हिंमत एरवी गल्लीतल्या गुंडालाही होत नाही.

इथपर्यंत आपण हसतो. मीही हसत होतो. मग मावशीचं प्रकरण झालं.

माझी मावशी माहेरची वत्सला. लग्न झालं, तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नाव लिहिलं गेलं आणि ती सुनंदा झाली. आपल्याकडे तेव्हा मुलीचं आडनावच काय, पहिलं नावही बदलत, मधल्या नावात वडील जाऊन नवरा येई. एका दुपारीत तीन शब्द बदलत आणि बाई तीच राहत असे. शाळेच्या दाखल्यावर वत्सला, काकांच्या नोकरीच्या कागदांत सुनंदा. पुढे रेशनकार्ड करायला आलेले गुरुजी सज्जन होते. वडीलधाऱ्या बाईचं नुसतं नाव कसं लिहायचं, म्हणून त्यांनी 'सुनंदाबाई' असं लिहिलं. त्यांनी आदर केला. आदराची दोन अक्षरी शेपटी आपल्याला पुढे नडेल, हे मावशीला काय ठाऊक?

काका गेल्यावर मावशीला त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. नऊ वर्षं बिनबोभाट येत होतं. मग त्या कचेरीचं दप्तर नव्या सिस्टीमवर चढलं आणि महिन्याच्या एक तारखेला पैसे आले नाहीत. वत्सला, सुनंदा आणि सुनंदाबाई अशा तीन बायका पडद्यावर उभ्या राहिल्या, आणि तिघींपैकी एकीलाही पैसे देता येईनात.

अकरा महिने! चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, गुडघे धरलेले, रिक्षाने जायची, बाकावर बसायची, नंबर लागला की काचेशी उभी राहायची आणि 'सिस्टीम घेत नाही' ऐकून परत यायची. पाचव्या महिन्यात तिने दूध अर्ध्या लिटरवर आणलं. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेत होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आणि सगळ्यात वाईट काय, तर तिला हळूहळू वाटायला लागलं की चूक आपलीच असणार. "मीच तेव्हा कुठेतरी सही चुकीची केली असेन रे ज्ञाना," असं ती मला म्हणाली. आणि मग विचारलं, "ही सिस्टीमबाई कुठल्या गावची? तिला एकदा भेटता नाही का येणार?"

सिस्टीमबाईंना भेटायची सोय घरातच होती. माझा भाचा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. मुलगा हुशार, मनाने चांगला. गणपतीत घरी आला तेव्हा मोदकाच्या ताटावर मी त्याला गाठलं.

"मामा, टेक्निकली हा युजर एरर आहे," तो म्हणाला.

"युजर म्हणजे कोण?"

"म्हणजे… मावशीआजी."

"तिने काय एरर केला? लग्न केलं हा?"

"तसं नाही हो. नाव मॅच झालं पाहिजे असा रूल आहे."

"कुणी केला?"

"स्पेकमध्ये असेल."

"स्पेक कुणी लिहिलं?"

"बीएने."

आमच्या वेळी बी.ए. झालेल्या माणसाला निदान मावशी असे. हा बीए निराळा. तो म्हणे गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारून लिहून घेतो. गिऱ्हाईक म्हणजे मावशी नव्हे. गिऱ्हाईक म्हणजे ज्याने पैसे मोजले तो. बीएने लिहिलं, गिऱ्हाइकाने न वाचता सही केली, भाच्यासारख्या कुणी तरी ते यंत्राला सांगितलं, दुसऱ्या कुणी तरी तपासलं. आता मावशीला दूध कमी करायला कुणी लावलं? कुणीच नाही. विहिरीवरून पाणी पाचजणांनी आणलं आणि हंडा सहाव्याच्या दारात फुटला.

खोदून विचारल्यावर भाच्याने कबूल केलं की हा रोग त्यांच्या धंद्यात माहीत नाही असं नाही. पॅट्रिक मॅकेंझी नावाच्या त्यांच्यातल्याच एका गृहस्थाने २०१० साली प्रोग्रॅमर लोकांच्या नावांबद्दलच्या खोट्या समजुतींची यादीच केली आहे. चाळीस समजुती! माणसाला एकच नाव असतं ही खोटी, नाव कधी बदलत नाही ही खोटी, प्रत्येकाला आडनाव असतं हीसुद्धा खोटी. म्हणजे रोगाचं निदान झालं, ते छापून झालं, सगळ्यांनी वाचून माना डोलावल्या, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन पुन्हा तीन चौकोन काढले. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. प्रत्येकावर लाल चांदणी.

या लोकांची विनोदबुद्धीही मला भाच्यानेच समजावून दिली. कुणाची तक्रार आली की ते आपापसांत म्हणतात, 'बिघाड कळफलक आणि खुर्ची यांच्या मध्ये आहे.' तिथे कोण असतं? आपण. एखाद्याने चूक दाखवली की म्हणायचं, 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' आमच्या खानावळीतल्या आचाऱ्याने 'माझ्या ताटात मीठ बरोबर होतं' असं सांगितलं असतं, तर आम्ही त्याला आमटीत बसवला असता. आणि चूक अगदीच झाकत नसली तर म्हणायचं, 'ती चूक नाही, ती सोय आहे.' गळक्या छपराला सूर्यदर्शनाची सोय म्हणण्यापैकीच हे.

आणि चुकीला यांनी नाव काय दिलंय? बग! किडा! ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या अवाढव्य यंत्रात एक खराखुरा पतंग अडकून मेलेला सापडला. तो त्यांनी नोंदवहीत चिकटवला, आणि किडा प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ, असा शेरा मारला. शब्द इंजिनिअर लोकांत त्याआधीचाच, म्हणून तर शेरा गमतीचा. ती नोंदवही अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण त्या एका बिचाऱ्या पतंगाच्या मढ्यावर पुढच्या सगळ्या पिढ्यांनी आपापलं खापर फोडलं. किडा म्हटलं की तो कुठून तरी आपला आपण आला. आम्ही बापडे बसलो होतो, तो खिडकीतून शिरला! डाइक्स्ट्रा नावाच्या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८८ साली आपल्या धंद्यातल्या लोकांना बजावलं होतं, की याला किडा म्हणणं बंद करा, चूक म्हणा, कारण ती करणाऱ्यानेच केलेली असते. हे सांगणारा माणूस त्या क्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार मिळवलेला. त्याचं ऐकलं नाही, तिथे मावशीचं कोण ऐकतो?

आमचा शिंपी गेल्या दिवाळीला माझा सदरा एका बाहीने आखूड करून बसला. मी गेलो, त्याने जीभ चावली, बाही उसवली आणि पैसे न घेता नीट करून दिली. त्याने मला 'ग्राहकाचा हात अवैध आहे' असं सांगितलं नाही. सॉफ्टवेअर विकत घेताना मात्र आपण 'मान्य आहे' हे बटण दाबतो. त्याच्या वर न वाचलेलं एक लांबलचक पुराण असतं. त्याचं सार बहुतेक ठिकाणी एवढंच, की माल जसा आहे तसा आहे, चालेल याची हमी नाही, आणि न चालल्याने तुमचं काय वाटोळं होईल त्याला आम्ही बांधील नाही. असा करार करून गावात कुणी साधी पिठाची गिरणी चालवून दाखवावी!

तुम्ही म्हणाल, एका मावशीच्या पेन्शनीवरून केवढा हा त्रागा! तर मग साता समुद्रापलीकडची गोष्ट ऐका. ब्रिटनमध्ये गावोगावची टपाल कचेरी चालवणारी माणसं असतात. बरेचदा दुकानाच्या एका कोपऱ्यात टपालाची खिडकी, आणि हिशेबात खोट आली तर ती स्वतःच्या खिशातून भरायची, असा करार. १९९९ पासून त्यांच्या खिडकीवर 'होरायझन' नावाची संगणकपद्धत आली आणि हिशेबात न गेलेले पैसे 'गेलेले' दिसायला लागले. माणसं मदतीच्या क्रमांकावर फोन करून थकली. त्यांच्यातल्या अनेकांना उत्तर मिळालं की अशी अडचण फक्त तुम्हालाच येते आहे. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच. कुणी दागिने विकले, कुणी घर गहाण टाकलं. तिथल्या कोर्टाचा शिरस्ता असा, की उलट पुरावा नसेल तर संगणक नीट चालत होता असंच धरायचं. आणि उलट पुरावा होता तो त्या संगणकाच्याच पोटात! २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक माणसं दोषी ठरली. एका गरोदर बाईला २०१० साली तिच्या मुलाच्या दहाव्या वाढदिवशी तुरुंगात पाठवलं. ॲलन बेट्स नावाच्या अशाच एका खिडकीवाल्याने वर्षानुवर्षं हट्ट धरला, साडेपाचशे माणसं गोळा केली आणि २०१९ साली वरिष्ठ न्यायालयाने सांगितलं, की त्या पद्धतीत चुका होत्या. शिक्षा सरसकट रद्द करायला पार्लमेंटला कायदा करावा लागला, तो २०२४ साली. २०२५ साली चौकशीचा अहवाल आला. निदान तेरा माणसांनी या पायी जीव दिला असावा, असं त्यात म्हटलं आहे.

म्हणजे तिकडेही सिस्टीम घेत नव्हती. फक्त तिकडे ती पैसे घेत नव्हती, तर माणसं घेत होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. 'सिस्टीम घेत नाही' हे वाक्य कायद्याने बंद करावं. त्याऐवजी 'आम्ही घेत नाही' असं म्हणावं आणि 'आम्ही' म्हणजे कोण ते खिडकीवर पाटी लावून सांगावं. सिनेमाच्या शेवटी चहा देणाऱ्या पोऱ्याचंही नाव येतं. घर बांधणाऱ्या इंजिनिअरला नकाशाखाली सही करावी लागते. मग हा चौकोन कुणी काढला, लाल चांदणी कुणी चिकटवली, त्याचं नाव आम्हाला का कळू नये? दुसरं, प्रत्येक फॉर्मात एक मोकळा चौकोन हवा, 'यात न बसणारं काही असल्यास'. माणसाचं निम्मंअधिक आयुष्य त्याच चौकोनात जातं. आणि तिसरं, काचेपलीकडच्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची मुभा हवी. समोर जिवंत बाई उभी आहे हे दिसत असताना पडद्याला विचारायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

मावशीचं काम शेवटी झालं, ते असंच. अकराव्या महिन्यात निवृत्तीला आलेले एक जुने हेडक्लार्क जागचे उठले. त्यांनी मागच्या खोलीतून काकांचं सेवापुस्तक धूळ झटकून काढलं. वारसाच्या रकान्यात काकांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पत्नी : सौ. सुनंदा (माहेरचे नाव वत्सला)'. हेडक्लार्कनी चष्मा वर सरकवून मावशीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आजी, तुम्हीच ना या?" मावशी म्हणाली, "मीच." मग ते त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसले. चार पडदे मागे गेल्यावर एक बारीकशी चौकट सापडली. 'अधिकाऱ्याने समक्ष खात्री केली.' त्यात खूण केली, आणि सिस्टीमने मुकाट्याने घेतलं. ती चौकट पहिल्या दिवसापासून तिथे होती. कुणी तरी ती घातली होती, पण ती आहे हे कुणाला सांगायचं राहून गेलं होतं.

थकबाकी जमा झाली त्या दिवशी मावशीने पेढे आणवले. एक पुडा हेडक्लार्कना दिला. दुसरा माझ्या हातात ठेवून म्हणाली, "हा त्या सिस्टीमबाईंना दे. म्हणावं, आता ओळख ठेवा."

मी पुडा घेऊन खिडकीशी गेलो. मुलीने तो पाहिला, इकडेतिकडे बघितलं.

"काय हो," मी म्हटलं, "सिस्टीम घेत नाही?"

"सिस्टीम नाही घेत, काका," ती म्हणाली आणि काचेखालून हात पुढे केला. "पण एक मी घेते."